सरखेल कान्होजी आंग्रे

वैनगंगेच्या तीरावर राहणाऱ्या मुलांस डोंगा परिचयाचा असतो. एकाच झाडाचे खोड कोरून केलेली ती चिंचोळी नाव पाहून, इतक्या लहान नावेचे सामर्थ्य ते काय, असे कोणासही वाटेल. परंतु मराठ्यांच्या आरमारात मोठ्या जहाजांची लाज पुष्कळदा लहान नावांनीच राखली. लहान नावांचे हे मोल पुरते ओळखणारा दर्यावर्दी म्हणजे सरखेल कान्होजी आंग्रे.

कान्होजींचे वडील तुकोजी हे शिवछत्रपतींच्या आरमारात होते. त्यामुळे समुद्राचे बाळकडू त्यांना घरातच मिळाले. मोगलांनी स्वराज्य वेढले असता कान्होजींनी किनाऱ्यावरील किल्ले राखले आणि पराक्रमाच्या बळावर ते सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख झाले. अलिबागचा कुलाबा किल्ला हे त्यांचे मुख्य ठाणे होते. किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी आपला दस्तक, म्हणजे परवाना घ्यावा, असा त्यांचा दंडक होता. तो न मानणारे इंग्रज त्यांना चाचा म्हणत. कान्होजी मात्र छत्रपतींच्या वतीने समुद्रावरील सत्ता राखीत होते.

इंग्रजांची जहाजे उंच व भारी तोफांची असत. त्यांच्याशी समोरासमोर झुंजणे कठीण होते. कान्होजींपाशी गुराबा आणि गलबते होती. गुराब हे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे लढाऊ जहाज. तिचे नाव ज्या अरबी शब्दावरून आले, त्याचा अर्थ कावळा. गलबत तिच्याहून लहान व हलके. त्याला शिडांखेरीज चाळीस-पन्नास वल्ही असत. वारा पडला की मोठी जहाजे जागीच खिळून राहत. अशा वेळी गलबते दोरांनी गुराबांना ओढून शत्रूच्या पिछाडीस नेत. जहाजाच्या पिछाडीस तोफा थोड्या असत. तेथून गुराबा मारा करीत आणि मग गलबतांतील शिपाई शत्रूच्या जहाजावर चढून जात.

१७१८ साली इंग्रजांनी खांदेरीवर हल्ला केला, तो फसला. १७२१ साली इंग्रज व पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले. त्या वेळी पेशवे बाजीराव कुमकेस धावले आणि तो बेतही विफल झाला.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचे निधन झाले. अलिबागेस त्यांची समाधी आहे. भारतीय नौदलाने १९५१ साली मुंबईतील आपल्या तळास आंग्रे हे नाव दिले. सरखेलांचे नाव असे अमर झाले. मात्र ज्यांनी वारा पडला असता वल्ही मारून गुराबा पुढे नेल्या, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. सरखेलांचे स्मरण करताना त्या अनाम हातांचेही स्मरण करावयास हवे.