गाडग्यातली भाकर

नागपूरहून निघालं की बुटीबोरीला रस्ता फुटतो. एक वर्ध्याकडे, दुसरा हिंगणघाटकडे. इथं थांबणाऱ्या प्रवाशाला चांगलं जेवण कुठं मिळेल, हा प्रश्न पडतोच. पण खिसा रिकामा असलेल्यानं कुठं जेवायचं? विदर्भाच्याच एका सुपुत्रानं या प्रश्नापायी आयुष्य वेचलं.

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी, परिटाच्या घरी डेबूजी जानोरकर जन्मले. वडील झिंगराजी दारूपायी अकाली गेले. पुढं मुलीच्या बारशाला डेबूजींनी मटण-दारूचा रिवाज मोडून पंगतीला गोडधोड वाढलं. भाऊबंद रागावले, ते बधले नाहीत.

१९०५ साली त्यांनी घर सोडलं. हाती खराटा आणि मातीचं गाडगं. आधी गाव झाडायचं, मगच भाकर मागायची. लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. लोकवर्गणीतून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभारल्या. जेवणाचं ताट विकावं लागलं तरी पोरं शाळेत गेलीच पाहिजेत, असा कीर्तनांतून त्यांचा आग्रह असे.

२० डिसेंबर १९५६ रोजी बाबा गेले. चवीनं खाण्याची ठिकाणं आज पुष्कळ आहेत. भुकेल्याला मानानं जेवू घालणारी मात्र शोधावी लागतात.