प्रफुल्लकुमार सेन

डॉ. प्रफुल्लकुमार सेन (जन्म : कोलकाता, ७ डिसेंबर १९१५, मृत्यू : २२ जुलै १९८२) हे भारतीय हृदयशल्यचिकित्सक व वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक होते. मुंबईत परळ येथील राजे एडवर्ड स्मारक (केईएम) रुग्णालयात फेब्रुवारी १९६८ मध्ये त्यांनी भारतातील, तसेच आशिया खंडातील पहिले मानवी हृदय प्रत्यारोपण केले. एका माणसाचे हृदय दुसऱ्या माणसाच्या शरीरात बसवण्याची ही जगातील सहावी शस्त्रक्रिया होती.

शिक्षण व प्रारंभीचे कार्य

सेन यांचे वैद्यकीय शिक्षण केईएम रुग्णालयाशी संलग्न असलेल्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात झाले. पुढे रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या शिष्यवृत्तीवर त्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शल्यचिकित्सेचे प्रगत शिक्षण घेतले. मायदेशी परतल्यावर त्यांनी आपल्याच महाविद्यालयात अध्यापन स्वीकारले आणि केईएममध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सेचा पाया घातला. संधिवाताच्या तापामुळे हृदयाची झडप अरुंद झालेले रुग्ण त्या काळी मोठ्या संख्येने येत. अशा झडपा रुंद करण्याच्या शस्त्रक्रिया १९५० च्या दशकाच्या आरंभी तेथे होऊ लागल्या.

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाचा स्नायू हृदयाच्या पोकळीतील रक्तावर थेट पोसला जातो. या निरीक्षणावरून सेन यांनी टी. ई. उदवाडिया, एस. जी. किनरे आणि जी. बी. परुळकर या सहकाऱ्यांसह हृदयाच्या स्नायूला सूक्ष्म छिद्रे पाडून रक्तपुरवठा वाढवण्याचे प्रयोग केले व १९६५ मध्ये ते प्रसिद्ध केले. पुढे लेझर किरणांनी अशी छिद्रे पाडण्याची जी पद्धत परदेशात विकसित झाली, तिच्या इतिहासात या प्रयोगांचा उल्लेख केला जातो.

प्रत्यारोपणाचे प्रयत्न

निकामी झालेल्या अवयवाच्या जागी दुसऱ्या व्यक्तीचा सक्षम अवयव बसवणे म्हणजे अवयव प्रत्यारोपण होय. नेत्रपटल, त्वचा, अस्थी, हृदयाच्या झडपा यांच्या बाबतीत त्यास ऊती प्रत्यारोपण म्हणतात. नेत्रपटल हृदय बंद पडल्यानंतरही काही तासांपर्यंत काढून घेता येते. म्हणून मृत्यूची रूढ कल्पना न बदलता नेत्रदान शक्य झाले. मुंबई राज्यात त्यासाठी १९५७ मध्येच कायदा करण्यात आला होता. हृदयाची गोष्ट निराळी होती. ते बसवायचे तर रक्ताभिसरण थांबल्यावर अगदी अल्पावधीत मिळवावे लागे.

मे १९६५ मध्ये केईएम रुग्णालयात मृत व्यक्तीचे मूत्रपिंड बसवण्याचा प्रयत्न झाला. भारतातील मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा हा पहिला प्रयत्न होय. रुग्ण अकराव्या दिवशी मरण पावला. याच काळात सेन व त्यांचे सहकारी प्रयोगशाळेत कुत्र्यांवर हृदय प्रत्यारोपणाचा सराव करीत होते.

३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन येथे क्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिले मानवी हृदय प्रत्यारोपण केले. त्यानंतर अमेरिकेत एड्रियन कँट्रोविट्झ व नॉर्मन शमवे यांनी अशा शस्त्रक्रिया केल्या. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी केईएममध्ये झालेल्या शस्त्रक्रियेने सेन या मालिकेतील चौथे शल्यचिकित्सक आणि भारत हा तिसरा देश ठरला. हृदय जोडण्याचे काम यथास्थित पार पडले. परंतु रुग्ण सुमारे तीन तासच जगला. फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा वाढलेला रोध हे त्याचे कारण मानले गेले. निरोगी हृदयाला अशा रोधाविरुद्ध रक्त ढकलण्याची सवय नसल्याने ते थकून बंद पडते. आज प्रत्यारोपणापूर्वी हा दाब आवर्जून मोजला जातो. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात सेन यांनी दुसरे हृदय प्रत्यारोपण केले. तो रुग्ण सुमारे चौदा तास जगला. त्यानंतर त्यांनी हा प्रयत्न पुन्हा केला नाही.

कायदा आणि काळ

सेन यांच्या पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळी मेंदूमृत्यूची संकल्पना भारतीय कायद्यात नव्हती. मेंदूचे कार्य कायमचे थांबल्याच्या कसोट्या मांडणारा हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीचा अहवालही त्यानंतर, ऑगस्ट १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. परका अवयव नाकारण्याची शरीराची प्रवृत्ती आवरणारी औषधेही अपुरी होती. त्यामुळे सुरुवातीच्या उत्साहानंतर जगभरच हृदय प्रत्यारोपणे मंदावली. सायक्लोस्पोरिन या औषधाने १९८० च्या दशकात ही परिस्थिती पालटली. मात्र त्याचा वापर सर्वत्र रूढ होण्यापूर्वीच सेन यांचे निधन झाले.

भारतात मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ मध्ये संमत झाला व ४ फेब्रुवारी १९९५ पासून महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेश या राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत लागू झाला. या कायद्याने मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू हा मृत्यूच मानला. तो चार डॉक्टरांच्या मंडळाने, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून प्रमाणित करावा लागतो. अवयव काढण्यास नातेवाइकांची संमती आवश्यक असते आणि अवयवांच्या खरेदी-विक्रीस बंदी आहे.

सन्मान व वारसा

भारत सरकारने १९६९ मध्ये सेन यांना पद्मभूषण पुरस्काराने गौरविले. भारतातील पहिले यशस्वी हृदय प्रत्यारोपण ३ ऑगस्ट १९९४ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी केले. मुंबईला मात्र सेन यांच्या प्रयत्नानंतर ४७ वर्षे थांबावे लागले. ऑगस्ट २०१५ मध्ये पुण्यातील एका दात्याचे हृदय मुंबईत आणून मुलुंड येथील रुग्णालयात डॉ. अन्वय मुळे यांनी ते प्रत्यारोपित केले. २०२४ मध्ये केईएम रुग्णालयातही पुन्हा हृदय प्रत्यारोपण झाले.

सेन यांचे दोन्ही रुग्ण एक दिवसही जगू शकले नाहीत. तरीही भारतातील अवयव प्रत्यारोपणाच्या इतिहासाचा आरंभ त्यांच्या नावाने केला जातो. त्यांचे अनेक विद्यार्थी व सहकारी पुढे हृदयशल्यचिकित्सेच्या क्षेत्रात कार्यरत राहिले.