आल्फ्रेड नोबेल : सुरुंगामागचा माणूस

आमच्या मंडळाच्या स्मरणिकेत चरित्र म्हटले की संत, सरदार किंवा नाटककार यांचेच येते. यंदा आम्ही एका परक्या माणसाचे लिहीत आहोत. नाव सर्वांच्या परिचयाचे, पण पारितोषिकापुरतेच. आमची ओळख झाली ती खाणीवर. नोकरी रस्त्यांच्या सरकारी खात्यात, त्यामुळे खडीसाठी सुरुंग उडताना पुष्कळदा पाहिले.

आल्फ्रेड नोबेल यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८३३ रोजी स्टॉकहोमला झाला. त्याच वर्षी वडील इमॅन्युएल यांचे दिवाळे निघाले. पुढे वडिलांनी रशियात सेंट पीटर्सबर्गला जम बसवला आणि १८४२ मध्ये कुटुंब तिकडे गेले. आल्फ्रेड शाळेत जेमतेम गेले, पदवी तर नव्हतीच. (हे वाचून आम्हां डिप्लोमावाल्यांना बरे वाटते.) घरी शिकवायला मात्र झिनिन यांच्यासारखे रसायनशास्त्रज्ञ होते.

ट्युरिनच्या सोब्रेरो यांनी १८४७ मध्ये नायट्रोग्लिसरीन हा तेलकट द्रव जगापुढे आणला होता. नको तेव्हा फुटायचा, हवा तेव्हा फुटेलच याची खात्री नाही. नोबेल यांनी तोच हाती घेतला.

हा फुटतो का? शाळेत आमचा समज असा होता की अणूंच्या बंधात ऊर्जा कोंडलेली असते आणि बंध तुटला की ती बाहेर पडते. खरे तर उलटे आहे. कोणताही बंध तोडायला ऊर्जा घालावीच लागते. ती मिळते नवा बंध जुळताना. नायट्रोग्लिसरीनमधली नायट्रोजन-ऑक्सिजनची जोडणी कच्ची, थोडक्या खर्चात सुटते. सुटलेल्या अणूंचे कार्बन डायऑक्साइड, वाफ आणि नायट्रोजन वायू होतात. नायट्रोजनच्या दोन अणूंमधला तिहेरी बंध फार पक्का. तो जुळताना मोलामागे सुमारे ९४५ किलोज्यूल मिळतात. खर्च थोडा, जमा मोठी. तरीही ग्रॅममागे उष्णता सहा किलोज्यूलच्या थोडी वर, आणि रॉकेलची मात्र सुमारे ४५! फरक वेगाचा आहे. रॉकेलला हवेतल्या ऑक्सिजनची वाट पाहावी लागते. याचा ऑक्सिजन रेणूतच असतो. म्हणून सगळा व्यवहार निमिषात उरकतो आणि गरम वायू खडक फोडतात.

बंधांचा हा हिशेब त्या काळी मांडलेलाच नव्हता. पण तो पहिला खर्च कसा भागवायचा, हे नोबेल यांना १८६३ मध्ये प्रयोगांतून सापडले. आधी थोडी बंदुकीची दारू उडवायची आणि तिच्या धक्क्याने नायट्रोग्लिसरीन पेटवायचे. पुढे पाऱ्याचे फल्मिनेट भरलेली धातूची टोपी आली. खाणीवरचा डिटोनेटर तो हाच.

३ सप्टेंबर १८६४ रोजी स्टॉकहोममधल्या हेलेनेबोर्गच्या कारखान्यात स्फोट झाला. त्यात धाकटा भाऊ एमिल आणि आणखी काही जण गेले. एमिल अवघा वीस वर्षांचा होता, इतके कोवळे वय. थोड्याच दिवसांत वडिलांना झटका आला. शहराच्या हद्दीत हे काम करायला बंदी झाली, तेव्हा नोबेल यांनी मेलारेन सरोवरात तराफ्यावर काम सुरू ठेवले. याला धैर्य म्हणावे की हट्ट, आम्हांला ठरवता येत नाही.

१८६७ मध्ये उपाय सापडला. किझेलगुर नावाच्या सच्छिद्र मातीत तीन भाग द्रव मुरवायचा, एक भाग माती. रेणू तोच, बंध तेच. पण हाताळताना लागणारे धक्के माती पचवते आणि टोपी उडाल्याशिवाय ते फुटत नाही. हे डायनामाइट. आपला बोरघाट १८६३ मध्येच रेल्वेला खुला झाला होता. तिथले बोगदे डायनामाइटच्या आधीचे.

कारखाने देशोदेशी निघाले, ३५५ पेटंटे झाली. लग्न केले नाही. २७ नोव्हेंबर १८९५ च्या मृत्युपत्राने बहुतेक सारी मिळकत पारितोषिकांना गेली. नातेवाईक नाराज झाले.

शेवटी हृदयविकार जडला. डॉक्टरांनी औषध लिहून दिले ते नायट्रोग्लिसरीनच. १० डिसेंबर १८९६ रोजी इटलीत सान रेमो येथे ते वारले. छातीतली कळ त्या औषधाने का थांबते, याचा उलगडा पुढे नायट्रिक ऑक्साइडवरच्या संशोधनातून झाला, आणि १९९८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्या संशोधनाला मिळाले.