शाहीर अमर शेख : आईच्या गाण्यातून घडलेला आवाज

पोवाडा म्हटलं की डफ आठवतो. पण मेहबूब हुसेन पटेल हे नाव आपल्यापैकी किती जणांना आठवतं? २० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शीत एका गरीब मुस्लिम घरात जन्मलेला हाच मुलगा पुढे शाहीर अमर शेख झाला. लोकगीतांचं बाळकडू त्यांना आई मुनेरबी यांच्याकडून मिळालं. कधी बसवर क्लीनर, कधी गिरणीत कामगार, अशी कामं करत ते चळवळीत आले. अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथकातून त्यांनी पोवाडा कामगार वस्त्यांत नेला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा पहाडी आवाज ऐकायला मैदानं भरायची. २९ ऑगस्ट १९६९ रोजी अपघातात त्यांचं निधन झालं.

आईनं गाणं लेकाला दिलं, लेकानं ते लोकांना दिलं. असा वारसा माणसांमुळेच टिकतो. युनेस्कोचा २००३ चा करारही त्याच्या जतनात समाजाचा सहभाग महत्त्वाचा मानतो. आपल्याही घरात दादी-नानीला लग्नातली, हळदीची गाणी येतात. त्या आहेत तोवर आपण ती शिकून घेऊ या.