डॉ. डेनिस बर्किट : जबड्याच्या गाठीपासून ग्रंथीज्वरापर्यंत

डॉ. डेनिस बर्किट यांचा जन्म २८ फेब्रुवारी १९११ रोजी आयर्लंडमधील एनिस्किलन गावी झाला. वडील सरकारी अभियंते. फावल्या वेळात ते रॉबिन पक्ष्यांच्या पायांत धातूची कडी अडकवून कोणता पक्षी कुठवर फिरतो याची नोंद ठेवत. वडिलांचा हा नाद मुलाच्या पुढे फार कामी आला. अकराव्या वर्षी मुलांच्या भांडणात एक दगड डेनिसच्या चष्म्यावर बसला आणि उजवा डोळा कायमचा गेला. तरीही डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातून ते १९३५ साली डॉक्टर झाले आणि पुढे शल्यविशारदही झाले. एकच डोळा म्हणून ब्रिटिश वसाहत खात्याने त्यांना आधी नाकारले होते. महायुद्धात सैन्यात काम केल्यावर १९४६ मध्ये मात्र त्यांना युगांडात नेमणूक मिळाली.

कंपालाच्या मुलागो रुग्णालयात १९५७ साली त्यांना पाच वर्षांचा एक मुलगा दाखवण्यात आला. त्याच्या जबड्याला दोन्ही बाजूंनी गाठी होत्या. थोड्याच दिवसांत दुसऱ्या गावी तशाच गाठी असलेली एक मुलगी दिसली. हा लहान मुलांचा एक कर्करोग होता. तो नेमका कुठे आढळतो हे पाहण्यासाठी बर्किटांनी आफ्रिकेतील शेकडो दवाखान्यांना पत्रे पाठवली. १९६१ मध्ये दोन सहकाऱ्यांसह एका जुन्या मोटारीतून दहा आठवडे, सुमारे १६,००० किलोमीटर प्रवास केला. नकाशावर खुणा केल्यावर दिसले की रोग उष्ण, पावसाळी पट्ट्यात आहे, उंच थंड भागांत नाही. मलेरियाचा प्रदेशही जवळपास तोच.

त्याच वर्षी मार्चमध्ये लंडनला त्यांनी या रोगावर व्याख्यान दिले. श्रोत्यांत अँथनी एप्स्टीन नावाचे तरुण संशोधक होते. यामागे विषाणू असावा असे त्यांच्या मनाने घेतले. मग कंपालाहून गाठींचे तुकडे विमानाने लंडनला जाऊ लागले. दोन वर्षे हाती काही लागले नाही. १९६३ च्या डिसेंबरात धुक्यामुळे एक विमान मँचेस्टरला उतरले, नमुना उशिरा पोचला, पाणी गढूळ झालेले. तो फेकून देण्याजोगा वाटला, पण सूक्ष्मदर्शकाखाली त्यात सुट्या, जिवंत कर्कपेशी तरंगताना दिसल्या! त्या प्रयोगशाळेत वाढल्या आणि १९६४ मध्ये एप्स्टीन, बर्ट अचाँग व इव्होन बार यांनी त्यांत एक नवा विषाणू दाखवला. त्याचे रूप हर्पिस कुळातले होते. तोच एप्स्टीन-बार विषाणू.

पुढची गोष्ट अमेरिकेतील फिलाडेल्फियाची. तेथे वेर्नर व गर्ट्रूड हेन्ले हे दांपत्य याच विषाणूचा अभ्यास करत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतील एका तरुण सहायिकेच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे नव्हती. १९६७ मध्ये तिला ताप आला, घसा सुजला, मानेच्या गाठी वाढल्या. आजार होता ग्रंथीज्वर, म्हणजेच मोनोन्यूक्लिओसिस. बरी झाल्यावर तपासले, तर प्रतिपिंडे हजर! अशा रीतीने अनेक दशके ठाऊक असलेल्या ज्वराचे कारण १९६८ मध्ये जगापुढे आले.

आता पालकांच्या मनातील शंका. ग्रंथीज्वर म्हणजे हर्पिसच का? कूळ एक, पण आजार निराळे. माणसाला बाधणारे या कुळातले विषाणू नऊ आहेत. ओठांवर पाणीदार फोड आणणारा साधा हर्पिस त्यांतलाच आणि कांजिण्यांचा विषाणूही त्यांतलाच. तोच पुढे नागीण म्हणून उठतो. हे दोन्ही मज्जापेशींत दडून बसतात. एप्स्टीन-बार मात्र रक्तातील बी-पेशींत राहतो आणि बहुधा लाळेतून पसरतो. एकदा शिरला की कोणताच जन्मभर जात नाही, हे त्यांचे साम्य. साध्या हर्पिसवर चालणारे अॅसायक्लोव्हिर ग्रंथीज्वरात फारसे उपयोगी पडत नाही. तेथे विश्रांती आणि पाणी हाच उपचार. प्लीहा सुजलेली असू शकते, म्हणून डॉक्टरांनी होकार देईपर्यंत कबड्डी-कुस्ती बंद. घसा दुखतो म्हणून घरातले अँपिसिलीन दिले, तर अंगभर पुरळ उठू शकते.

आणि ग्रंथीज्वर झाला म्हणजे कर्करोग होणार, ही भीती मनात नको. जगातील दहांपैकी नऊ प्रौढांच्या अंगात हा विषाणू आहे. लहानपणी आला तर बहुधा कळतही नाही. आफ्रिकेतील त्या मुलांत त्याला वारंवारच्या मलेरियाची जोड मिळते.

बर्किटांकडे किरणोपचाराची सोय नव्हती. त्यांनी नव्या औषधांच्या थोड्याच मात्रा दिल्या आणि काही मुले पूर्ण बरी झाली. त्या काळी कर्करोगात हे आश्चर्यच होते. १९६६ मध्ये ते इंग्लंडला परतले आणि आहारातील कोंडा व चोथ्याचे महत्त्व सांगत जगभर फिरले. पुष्कळांना ते त्यासाठीच आठवतात. २३ मार्च १९९३ रोजी त्यांचे निधन झाले. जबड्याच्या त्या रोगाला आज बर्किट लिम्फोमा म्हणतात.