रघुनाथराव कर्वे आणि ‘कमजोरी’ची भीती
महर्षी कर्वे यांचे थोरले पुत्र रघुनाथराव (१८८२-१९५३) मुंबईत गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांना नोकरी सोडावी लागली. १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले. हस्तमैथुनाने पुरुषत्व जाते का, असे घरी विचारता न येणारे प्रश्न वाचक पाठवत. नुकसान होत नाही, असे ते स्पष्ट सांगत. शक्तिवर्धक चूर्णे, गोळ्या आजही खपतात त्या बहुतांशी याच भीतीवर; वीर्य शरीरात सतत तयार होते, हे गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही. १९३४ मध्ये अशा उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. आंबेडकरांनी वकिली केली, तरी दंड झालाच. पत्नी मालतीबाईंच्या पगारावर घर चाले. मासिक मात्र रघुनाथरावांच्या निधनापर्यंत निघत राहिले.