आयसीएस हुकली, पण इंग्रजी कामी आलं : फैजपूरला जन्मलेल्या मर्ढेकरांची गोष्ट

फैजपूर म्हटलं की आपल्याला केळी आठवतात, आणि १९३६ चं काँग्रेसचं अधिवेशन. याच गावात १ डिसेंबर १९०९ रोजी बाळ सीताराम मर्ढेकर जन्मले, हे मात्र आपल्यातल्याच बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. शाळेच्या पुस्तकात नाव वाचलेलं असतं, पण ते यावल तालुक्यात जन्मले हे कोणी सांगत नाही.

घराण्याचं मूळ आडनाव गोसावी. सातारा जिल्ह्यातलं मर्ढे हे मूळ गाव, त्यावरून मर्ढेकर झाले. वडील प्राथमिक शाळेत मास्तर, त्यामुळे बाळचं लहानपण खानदेशात गेलं. सुरुवातीची शाळा बहादरपूरला, पुढची धुळ्याला. मग पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज, आणि तिथून १९२८ मध्ये इंग्रजी घेऊन बी.ए.

त्या काळी हुशार पोरगा निघाला की घरच्यांच्या डोळ्यासमोर एकच गोष्ट असायची, आयसीएस. म्हणजे आजच्या कलेक्टरकीच्याही वरची गोष्ट. परीक्षेसाठी १९२९ मध्ये मर्ढेकर थेट लंडनला गेले. मास्तरच्या घरातून विलायत, म्हणजे केवढी उडी! पण तिथे काही यश आलं नाही. १९३३ मध्ये ते परत आले, तेव्हा ती साहेबाची नोकरी हातात नव्हती. आज पुण्यात चार-पाच वर्षं एमपीएससी, यूपीएससी करून रिकाम्या हाताने गावी येणाऱ्या पोरांना ती परतीची वाट कशी असते, ते वेगळं सांगायला नको.

लंडनची ती वर्षं मात्र फुकट गेली नाहीत. तिथे त्यांनी इंग्रजी साहित्य आणि कलाविचार पार मुरवून घेतला. टी. एस. एलियटसारख्या नव्या कवींचा ठसा पुढे त्यांच्या लिखाणावर दिसला. कलेवरचं त्यांचं ‘आर्ट्स अँड मॅन’ हे इंग्रजी पुस्तक १९३७ मध्ये निघालं.

पोटापाण्यालाही इंग्रजीच धावून आली. काही दिवस त्यांनी टाइम्स ऑफ इंडियात काम केलं. मग मुंबईचं एल्फिन्स्टन, अहमदाबादचं गुजरात कॉलेज, धारवाडचं कर्नाटक कॉलेज, असं करत प्राध्यापकी केली. ते शिकवत होते इंग्रजी, पण कविता लिहीत होते मराठीत. १९३८ मध्ये ते रेडिओत अधिकारी झाले. रेडिओ तेव्हा नवंकोरं खातं होतं. त्यासाठी त्यांनी संगीतिका लिहिल्या, ‘बदकांचं गुपित’ त्यातलीच एक. शेवटपर्यंत नोकरी रेडिओचीच राहिली.

पहिला कवितासंग्रह ‘शिशिरागम’ १९३९ चा. तो जुन्या वळणाचा होता, कोणाला खटकला नाही. १९४७ मध्ये ‘काही कविता’ आला आणि एकच गदारोळ उडाला. ओल्या पिपातले मेलेले उंदीर, गिरण्या, यंत्रं, शहरातली धावपळ हे सगळं कवितेत. पंक्चर या शब्दाचं तर त्यांनी चक्क मराठी क्रियापद करून टाकलं. लोकांना वाटलं, हा इंग्रजी शिकलेला माणूस मराठीची वाट लावतोय. पण नीट वाचलं तर कळतं, की या नव्या मालाला त्यांनी साचा वापरला तो आपल्या ओवी-अभंगांचा. कीर्तन ऐकून वाढलेल्या माणसाला त्यातली लय लगेच सापडते.

त्यातल्या काही कवितांवरून मुंबई सरकारने अश्लीलतेचा खटला भरला. स्वतः सरकारी नोकर, आणि अंगावर सरकारचाच खटला! अशा माणसाच्या जिवाचं काय झालं असेल? पण त्यातून ते निर्दोष सुटले. मधल्या काळात ‘पाणी’ ही कादंबरी आली, १९५१ मध्ये ‘आणखी काही कविता’ही आला.

२० मार्च १९५६ रोजी दिल्लीत ते गेले. वय अवघं ४६. ‘सौंदर्य आणि साहित्य’ या पुस्तकाला त्याच वर्षीचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पण तो घ्यायला ते नव्हते.